रोमन नाण्यांची ओळख

जुनें नाणें हातीं आलें म्हणजे मनुष्याच्या मनांत प्रथम जो प्रश्न उद्भवतो, तो 'हें कोणाचें?' हा होय. मुखवटा कोणत्या राजाचा, अक्षरें कोणत्या भाषेचीं, साल कोणतें, इतकें कळलें कीं त्याची जिज्ञासा शांत होते व नाणें पुन्हां डबींत जातें. या प्रश्नाचें उत्तर देणारे ग्रंथ पाश्चात्त्य पंडितांनीं, विशेषतः रोमन नाण्यांच्या बाबतींत, इतक्या परिश्रमानें सिद्ध केले आहेत कीं, त्यांच्या साहाय्यानें एखाद्या शाळकरी मुलासही दोन हजार वर्षांपूर्वींच्या बादशहाचें नांव सांगतां यावें. परंतु याच नाण्याविषयीं आणखी एक प्रश्न आहे, व आपल्या दृष्टीनें तो पहिल्याहून कमी महत्त्वाचा नाहीं. 'हें येथें आल्यावर त्याचें काय झालें?' हा तो प्रश्न. रोमन नाण्यांची ओळख सांगणाऱ्या कांहीं प्रमुख ग्रंथांचा विचार प्रस्तुत लेखांत आम्ही या दोन प्रश्नांच्या अनुरोधानें करणार आहों.

विषय दूरचा वाटेल, पण तसा तो नाहीं. ज्या चिंचपोकळींत बसून आम्ही हें लिहीत आहों, ती वस्ती गिरण्यांच्या काळांत कोंकणांतून व देशावरून आलेल्या माणसांनीं भरली. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागीं मनोरे उभे राहत आहेत. तरी गांवाकडचें शेत व तेथून आलेली आजीची पेटी यांचा संबंध कित्येक घरांतून अद्याप तुटलेला नाहीं. नांगराच्या फाळाला लागलेलें किंवा देव्हाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या पुजलेलें एखादें परकें नाणें अशा पेटींत निघणें अशक्य नव्हे. शिवाय येथून चालत जाण्याच्या अंतरावर, राणीच्या बागेंत, १८७२ सालीं लोकांस खुलें झालेलें संग्रहालय उभें आहे. १९७५ पासून त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे. या संग्रहालयाच्या उभारणीसाठीं झटलेले भाऊ दाजी धंद्यानें वैद्य होते. परंतु जुने लेख व जुनीं नाणीं वाचण्याची त्यांची आवड त्यांच्या वैद्यकीइतकीच प्रसिद्ध होती. त्यांच्या आश्रयानें तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवर जो निबंध लिहिला, तो त्यांच्या मृत्यूनंतर १८९० सालीं रॅप्सन यांनीं संपादून लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत छापला. तेव्हां नाण्याची ओळख पटविणें ही विद्या या परिसरास नवी नव्हे.

आतां ग्रंथांकडे वळूं. रोमन नाण्यांच्या ओळखग्रंथांत अग्रस्थान 'रोमन इंपीरिअल कॉइनेज' या ग्रंथमालेस द्यावें लागेल. मॅटिंग्ली व सिडनम यांनीं १९२३ सालीं तिचा पहिला खंड काढला; दहावा खंड १९९४ सालीं निघाला; दरम्यान १९८४ सालीं सदरलंड यांनीं पहिल्या खंडाची सुधारलेली आवृत्ति सिद्ध केली. प्रथम बादशहा, त्याच्या खालीं टांकसाळ, टांकसाळीखालीं नाण्याचा प्रकार, व प्रत्येक प्रकारास क्रमांक, अशी तिची रचना आहे. या मालेचा क्रमांक सांगितला कीं टोकियोपासून न्यूयॉर्कपर्यंत कोणत्याही अभ्यासकास नेमकें कोणतें नाणें तें कळतें. दुसरा ग्रंथ डेव्हिड सीअर यांचा 'रोमन कॉइन्स अँड देअर व्हॅल्यूज.' तो १९६४ सालीं एका खंडांत निघाला व पुढें पांच खंडांपर्यंत वाढला. तो संग्राहकांसाठीं आहे. म्हणून नाण्याच्या वर्णनाशेजारीं त्याची बाजारांतील किंमतही दिलेली असते.

या ग्रंथांनीं रूढ केलेली ओळखण्याची पद्धति स्वच्छ आहे, आणि ती आमच्या वाचकांस थोडक्यांत सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. प्रथम धातु, आकार व वजन पाहावें. सोन्याचा ऑरिअस पहिल्या शतकाच्या आरंभीं साधारण पावणेआठ ग्रॅम भरे व चांदीचा दिनारिअस पावणेचार ग्रॅमच्या आसपास. इ. स. ६४ च्या सुमारास नीरोनें दोहोंचेंही वजन घटविलें व चांदींत हीण वाढविलें. त्यामुळें नुसता कांटाही कालनिर्णयास मदत करतो. मग बादशहाचें मस्तक पाहावें. पानांची माळ असेल तर ती सर्व काळांत आढळते. परंतु चांदीच्या नाण्यावर सूर्यकिरणांसारखा मुकुट असेल तर तें काराकालानें इ. स. २१५ सालीं सुरू केलेल्या नव्या प्रकारचें समजावें. मोत्यांची किंवा रत्नांची पट्टी असेल तर आपण कॉन्स्टंटाइनच्या काळांत किंवा त्याच्याही पुढें आलों.

यानंतर अक्षरें. तीं कडेनें गोलाकार कोरलेलीं असतात, शब्दांमध्यें बहुधा जागा नसते, पदव्या तोडून लिहिलेल्या असतात, आणि 'यू'च्या जागीं 'व्ही' असतो. पहिल्यानें वाचणारास हा सर्व प्रकार गूढ वाटतो. पण पदव्या दहाबाराच आहेत व त्याच त्या पुन्हां पुन्हां येतात. त्यांतली एक फार उपयोगी आहे. ट्रिब्यूनचा अधिकार बादशहास दर वर्षीं नव्यानें मिळत असे. त्या पदवीपुढील आंकडा म्हणजे बहुधा राजवटीचें वर्ष होय. आपल्याकडील क्षत्रपांच्या नाण्यांवरही राजाच्या मस्तकामागें शकाचें वर्ष व उलट बाजूस बापलेकांचीं नांवें येतात. त्यावरूनच पंडितांनीं त्या घराण्याची वंशावळ जुळविली. शेवटीं नाण्याची उलट बाजू. तेथें बहुधा एखादी देवता असते, व तिच्या हातांतील वस्तूंवरून ती ओळखावयाची. तराजू धरलेली ती समता, ऑलिव्हची डहाळी धरलेली ती शांति, एका हातांत फूल घेऊन दुसऱ्यानें वस्त्राचा सोगा किंचित् उचलणारी ती आशा. शंखचक्रांवरून विष्णु व त्रिशूळडमरूंवरून शिव ओळखणाऱ्या आपल्या लोकांस हा भाग मुळींच अवघड जाऊं नये.

या पद्धतीचा कस पाहावयाचा तर भारतांत सर्वांत अधिक सांपडणारे चांदीचे दोन प्रकार घ्यावे. पहिला ऑगस्टसचा. त्याच्या उलट बाजूस ढाली व भाले घेतलेले दोन तरुण उभे आहेत. वरच्या बाजूस यज्ञांतली पळी व शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची वांकडी काठी. हे ऑगस्टसचे नातू गायस व ल्यूशिअस. त्यानें त्यांस दत्तक घेऊन आपले वारस ठरविलें होतें, व नाण्यावरील लेखांत 'तरुणांचे नायक' अशी त्यांची घोषणा आहे. आजच्या फ्रान्समधील लियों येथील टांकसाळींत हें नाणें विपुल पाडलें गेलें. परंतु ल्यूशिअस इ. स. २ मध्यें व गायस इ. स. ४ मध्यें वारला. राज्य दोघांसही मिळालें नाहीं. दुसरा प्रकार टायबेरिअसचा. उलट बाजूस राजदंड व डहाळी घेऊन आसनावर बसलेली स्त्री, व भोंवतीं 'मुख्य धर्माधिकारी' या अर्थाची पदवी. सदरलंड यांच्या आवृत्तींत पहिल्याचा क्रमांक ऑगस्टस २०७ व दुसऱ्याचा टायबेरिअस ३०. इतकें बिनचूक उत्तर दोन हजार वर्षांपूर्वींच्या वस्तूविषयीं मिळावें, याचें श्रेय या पंडितांस मोकळ्या मनानें दिलें पाहिजे.

आमची तक्रार यापुढें सुरू होते. हींच नाणीं रोमच्या साम्राज्यांत सांपडलीं तर क्रमांक सांगून काम भागेल. परंतु आपल्याकडे सांपडणाऱ्या कित्येक नाण्यांवर रोमच्या टांकसाळीनें न केलेलीं अशीं कांहीं चिन्हें असतात. कोठें बादशहाच्या गालावरून छिन्नीचा खोल घाव गेलेला असतो. कोठें सूक्ष्म ठशांच्या खुणा असतात. कोठें भोंक पाडलेलें असतें किंवा कडी जोडलेली असते. तामिळ प्रदेशांतील पुदुकोट्टई संस्थानांत १८९८ सालीं सोन्याचीं ५०१ नाणीं एकत्र सांपडलीं. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर असा घाव आहे. तेलंगणांतील अक्कनपल्ली येथें चांदीचीं १५३१ नाणीं मिळालीं. त्यांतही घाव व ठसे आढळतात. हा घाव कां घातला? आंत तांबें व वर मुलामा तर नाहीं ना, हें पाहण्यासाठीं, असें एक मत. हें नाणें येथें चलन म्हणून चालणार नाहीं, केवळ सोनें म्हणून तोललें जाईल, हें दाखविण्यासाठीं, असें दुसरें. परक्या राजाची प्रतिमा मोडण्यासाठीं, असें तिसरें. यांपैकीं कोणतेंही मत धरलें तरी एक गोष्ट निर्विवाद आहे, कीं तो घाव म्हणजे एका भारतीय मनुष्यानें त्या नाण्याविषयीं दिलेला अभिप्राय आहे. रोमनें एक वाक्य कोरलें, आपल्याकडच्या कोणा श्रेष्ठीनें त्यावर आपली टीप लिहिली. ओळखग्रंथ वाक्य वाचतो व टीप वगळतो. लिलावाच्या सूची तर याहून पुढें जातात. त्या या घावाची गणना दोषांत करून किंमत उतरवितात.

अनुकरणांच्या बाबतींत हा दृष्टिदोष अधिकच जाणवतो. दक्षिणेंत सोन्याचीं कांहीं नाणीं अशीं मिळतात कीं, मुखवटा रोमन वळणाचा, पण अक्षरांचा अर्थ लागत नाहीं. कारागिरानें अक्षरें वाचलीं नाहींत, केवळ पाहिलीं. अशा नाण्यांस पाश्चात्त्य सूचींत 'रानटी' या अर्थाचा शब्द फार सहज वापरला जातो. बनावट नाणें व अनुकरण यांत भेद आहे, तो येथें स्पष्ट केला पाहिजे. फसविण्यासाठीं आज ओतून केलेल्या नाण्यावर हवेच्या बुडबुड्यांचीं बारीक छिद्रें दिसतात, कडेला सांध्याची रेघ असते, अक्षरांची धार बोथट असते. तें टाकाऊच होय. परंतु ज्या कारागिरानें दीडदोन हजार वर्षांपूर्वीं खऱ्या सोन्याचें असें नाणें घडविलें, त्यास फसवावयाचें होतें असें मानण्यास आधार काय? त्यास जें हवें होतें तें त्यानें घेतलें. आणि लॅटिन व्याकरण त्यास नको होतें. परक्या अक्षरांची ही नक्षी झाली, यावरून तो अडाणी ठरत नाहीं; रोमची मुद्रा येथें शोभेची व प्रतिष्ठेची वस्तु झाली होती, इतकेंच त्यावरून ठरतें.

आपल्या महाराष्ट्राचा विचार केला तर कोडें आणखी गहन होतें. 'पेरिप्लस' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या, पहिल्या शतकांतील ग्रीक प्रवासवर्णनांत भडोच, सोपारा, कल्याण, चौल हीं बंदरें व पैठण, तेर हीं आंतलीं नगरें यांचा उल्लेख आहे. ज्या कल्याणास चिंचपोकळीहून आज लोकलगाडी जाते, तेथें चुकून आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचेस पाठविलीं जात, असेंही तो लेखक सांगतो. भडोच येथें रोमन सोन्याचांदीचें नाणें आणून स्थानिक नाण्याशीं बदललें असतां नफा होतो, असें त्यानें नमूद केलें आहे. रोमन लेखक प्लिनी यानें तर भारत दर वर्षीं साम्राज्याचे पांच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार केली. हा आंकडा तंतोतंत धरूं नये. पण पैसा येत होता यांत संशय नाहीं. असें असून पश्चिम किनाऱ्याच्या या भागांत रोमन नाण्यांचे मोठे सांठे दक्षिणेच्या मानानें फार थोडे मिळतात. तो पैसा गेला कोठें?

अनेक विद्वानांच्या मतें तो वितळला. या मताप्रमाणें रोमची चांदी आटवून क्षत्रपांनीं आपलीं नाणीं पाडलीं. हें मत स्वीकारलें तर महाराष्ट्रांतील रोमन नाणें शोधावयाचें तें रोमन नाण्यांच्या पेटींत नव्हे, नहपानाच्या नाण्यांत. नहपानाचें नाणें लहान, सुमारें सव्वादोन ग्रॅमचें. एका बाजूस राजाचें मस्तक व भोंवतीं ग्रीक अक्षरें. ज्यास या विषयाची संवय नाहीं, तो मनुष्य तें हटकून ग्रीक किंवा रोमन समजतो. पण वाचून पाहावें तों अक्षरें ग्रीक असलीं तरी भाषा प्राकृत! उलट बाजूस बाण व वज्र, आणि तोच मजकूर ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिपींत. पुढील क्षत्रपांच्या काळीं हींच ग्रीक अक्षरें हळूहळू अर्थहीन होऊन नुसती किनार बनलीं. ज्या गोष्टीस सूचीकार 'रानटी' म्हणतात, ती येथें एका मोठ्या राजघराण्याच्या टांकसाळींत राजरोस चालली होती.

नहपानाच्या नाण्यांची कहाणी येथेंच संपत नाहीं. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें त्याच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा सांठा सांपडला व रेव्हरंड स्कॉट यांनीं त्याचें परीक्षण केलें. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा मारलेला आहे. नहपानाच्या चेहऱ्यावर चैत्याची तीन कमानींची आकृति, उलट बाजूस उज्जयिनीचें चिन्ह. नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या लेखांत या राजानें क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचें म्हटलें आहे. त्या वाक्याचा पुरावा हीं नाणीं हातांत देतात. आतां असें नाणें कोणाचें म्हणावें? चांदी कदाचित् रोमची, मुखवटा शकाचा, अक्षरें ग्रीक, भाषा प्राकृत, आणि अखेरचा ठसा सातवाहनाचा. 'कोणाचें?' या एकाच प्रश्नावर उभारलेली पद्धति येथें कुंठित होते. एकच नांव सांगण्याचा आग्रह धरला तर बाकीचीं चार नांवें पुसलीं जातात.

तेर येथील अवशेष याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवितात. तेथें व तेलंगणांतील कोंडापूर येथें मातीचीं लहान पदकें सांपडलीं आहेत. त्यांवर रोमन नाण्याचा छाप असून कांहींस ओंवण्यासाठीं भोंक आहे. ज्यास सोन्याचें नाणें गळ्यांत घालणें परवडत नव्हतें, त्यानें त्याचा मातीचा छाप घातला असावा. या वस्तूस किंमत नाहीं, क्रमांक नाहीं. सीअर यांच्या ग्रंथांत तिला जागा असण्याचें कारणही नाहीं. परंतु रोमन नाण्याचें आपल्या समाजांत काय स्थान होतें, हें एका मातीच्या पदकावरून जितकें कळतें तितकें शंभर क्रमांकांवरून कळणार नाहीं.

आमच्या वाचकभगिनींस यांत कांहीं अपरिचित वाटूं नये. पुतळ्यांची माळ त्यांतील पुष्कळांच्या घरीं असेल. व्हेनिसच्या टांकसाळींतील सोन्याचा डुकात आपल्याकडे व्यापारानें आला; त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तेथील राज्यप्रमुख व दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनीं वेढलेला ख्रिस्त आहे. आपल्या लोकांनीं त्यावरील आकृति पाहून त्यास 'पुतळी' म्हटलें, गळ्यांत घातलें, आणि पुढें सोनारांनीं त्याच घाटाच्या पुतळ्यांवर आपले देव उठविले. कोणी यास अज्ञान म्हणेल. आम्ही त्यास दुसऱ्या प्रकारची ओळख म्हणतों. वस्तु कोठून आली हें विसरून गेलें, पण ती आपली झाली. भाषेनेंही हेंच केलें आहे. दिनारिअस या शब्दापासून आलेला 'दीनार' गुप्तकालीन शिलालेखांत व संस्कृत कोशांत जाऊन बसला. ग्रीकांच्या द्राख्मेचा 'द्रम्म' होऊन तो कोंकणच्या शिलाहारांच्या लेखांत आला, व त्याचाच पुढें 'दाम' झाला. 'दाम करी काम' म्हणणाऱ्या आपल्या आजीच्या तोंडीं एक ग्रीक नाणें खेळत असे, याची तिला वार्ताही नव्हती.

अर्थात् सर्व पाश्चात्त्य पंडितांनीं दुसरा प्रश्न टाळला, असें म्हणणें अन्यायाचें होईल. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांनीं १९०४ सालीं भारतांत सांपडलेल्या रोमन नाण्यांची यादी स्थळवार माहितीसह प्रसिद्ध केली, व त्यांची काळानुसार विभागणी करून नीरोनंतर हीं नाणीं एकदम विरळ होतात, हें निदर्शनास आणलें. त्यानंतर पाऊणशें वर्षांहून अधिक काळानें, १९८९ सालीं, पॉला टर्नर यांचा 'रोमन कॉइन्स फ्रॉम इंडिया' हा ग्रंथ लंडनच्या रॉयल न्यूमिस्मॅटिक सोसायटीनें काढला. आमच्या मतें या विषयांत भारतीय वाचकानें प्रथम हाच ग्रंथ उघडावा. मॅटिंग्ली यांच्या रचनेंत बादशहा हा धागा आहे. टर्नरबाईंच्या रचनेंत सांपडल्याचें स्थळ हा धागा आहे. धागा बदलला कीं तीच नाणीं वेगळें बोलूं लागतात. गायस व ल्यूशिअस यांचें नाणें ऑगस्टसच्या नाण्यांतील एक प्रकार न राहतां, भारताच्या व्यापाऱ्यानें निवडून घेतलेला प्रकार ठरतो. आणि त्यानें तोच कां निवडला, असा खरा प्रश्न निर्माण होतो. नीरोनें हीण घातल्यावर जुन्या, चांगल्या चांदीच्या नाण्यांस परदेशांत अधिक मागणी आली असावी, अशी कांहीं अभ्यासकांची उपपत्ति आहे. ती खरी असेल तर टायबेरिअसचें नाणें येथें आलें तें टायबेरिअसच्या काळींच आलें, असें धरून चालणेंही धोक्याचें होईल. नाण्यावरील साल तें पाडल्याचें असतें, आल्याचें नसतें, हा धडा या ग्रंथामुळें मनावर ठसतो.

तरीही टर्नरबाईंच्या ग्रंथाची मर्यादा सांगितली पाहिजे. त्यांचा विषय रोमन नाणें हा आहे. म्हणून जेथें तें वितळलें, जेथें त्याचा शब्द झाला, तेथें त्यांच्या यादीचा हात पोंचत नाहीं. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात सत्तर हजार कार्षापणांचें दान दोन हजार सुवर्णांच्या बरोबरीचें सांगतो, म्हणजे एका सुवर्णास पस्तीस कार्षापण हा भाव देतो. हें 'सुवर्ण' रोमचें कीं कुशाणांचें, यावर पंडितांत वाद आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीनें रोमन नाण्यांच्या इतिहासांत हा भाव एखाद्या सांठ्याइतकाच मोलाचा आहे. पण तो नाण्यांच्या यादींत येत नाहीं, कारण तो दगडावर आहे. यादी जेथें थांबते तेथून आपल्याकडील अभ्यासकाचें काम सुरू झालें पाहिजे.

आणि येथेंच खरी चिंता आहे. ज्या स्थळामुळें नाणें बोलतें, तें स्थळच आज सर्वांत आधीं हरवतें. गांवाकडे सांपडलेलें नाणें दलालामार्फत शहरांत येतें. दोनचार हात बदलले कीं गांव कोणतें, शेत कोणाचें, सोबत काय होतें, हें सांगणारा कोणी उरत नाहीं. नंतर छायाचित्रावरून बादशहाचें नांव क्षणांत कळतें, आणि घेणारा समजतो कीं नाण्याची ओळख पटली. १८७८ चा निखात निधीचा कायदा या बाबतींत आमच्या ओळखग्रंथांहून अधिक शहाणा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचें जें कांहीं जमिनींत सांपडेल, त्याची वर्दी कलेक्टरास लेखी द्यावी, व तींत काय सांपडलें याबरोबरच कोठें व केव्हां सांपडलें तेंही लिहावें, असें त्यांत सांगितलें आहे. १९७२ च्या कायद्यानें तर शंभर वर्षांहून जुनें नाणें खासगी मनुष्यास देशाबाहेर नेतां येत नाहीं. परंतु नाणें देशांत राहिलें आणि त्याचा गांव गेला, तर राहिलें काय? सोन्याचा एक तुकडा व लॅटिनच्या चार तुटक पदव्या. त्या तर रोममध्येंही विपुल आहेत.

म्हणून आमच्या सुशिक्षित कुटुंबांस आमची एक विनंति आहे. घरांत एखादें जुनें नाणें असेल तर तें घांसूनपुसून चकचकीत करूं नये. त्यावरील मळासह त्याचा पुरावा जातो. आटविण्यास तर मुळींच देऊं नये. त्याचें वजन करून, दोन्ही बाजूंचें चित्र घेऊन, तें कोणाकडून व कोणत्या गांवाहून घरांत आलें याविषयीं वडील मंडळींस जें आठवत असेल तें एका कागदावर लिहून नाण्यासोबत ठेवावें. बादशहाचें नांव केव्हांही कळेल, त्यासाठीं दहा खंड तयार आहेत. आजीची आठवण मात्र कोणत्याही खंडांत नाहीं, व ती फार दिवस टिकणारीही नाहीं.

मराठींत या विषयावर एखादा ओळखग्रंथ सिद्ध व्हावयाचा असेल, तर तो मॅटिंग्ली यांच्या शिस्तीनें व टर्नरबाईंच्या दृष्टीनें लिहिला जावा. परंतु त्याच्या आरंभीं ऑगस्टसऐवजीं जोगळटेंभीचें तें नाणें यावें, ज्यावर एका राजाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचा चैत्य उभा आहे. त्यांत घाव हा दोष म्हणून न येतां मजकूर म्हणून यावा, अनुकरणास 'रानटी' हें विशेषण लावूं नये, आणि तेरचीं मातीचीं पदकें व आपल्या घरांतील पुतळ्या यांसही एक एक प्रकरण मिळावें. भाऊ दाजी व भगवानलाल यांनीं जी विद्या या शहरांत रुजविली, तिला असा ग्रंथ शोभून दिसेल. तो लिहिणारा विद्वान् लवकर पुढें यावा, आणि तोंवर घरोघरच्या पेट्यांतील नाण्यांसोबत त्यांच्या गांवांचीं नांवेंही सुरक्षित राहावीं, इतकीच आमची इच्छा आहे.